जी-२०चे अध्यक्षपद विकसनशील देशाकडे येते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२२ ते २०२५ अशी सलग चार वर्षे जी-२०ची सूत्रे विकसनशील देशांकडे होती: इंडोनेशिया, भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका. त्या काळात या पदाबद्दल खूप बोलले गेले, पण अध्यक्ष देश रोज नेमके काय करतो, त्याच्या हातात किती असते आणि घोडे कुठे अडते, हे फारसे सांगितले गेले नाही. खालची उत्तरे त्यासाठी आहेत.

जी-२० ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे का?

नाही. तिला सनद नाही, करार नाही, मुख्यालय नाही, कायम सचिवालय नाही, स्वतःचा पैसाही नाही. आशियातील १९९७-९८च्या आर्थिक संकटानंतर मोठ्या अर्थव्यवस्थांच्या अर्थमंत्र्यांनी आणि मध्यवर्ती बँकांच्या गव्हर्नरांनी एकत्र बसावे म्हणून १९९९ साली हा गट तयार झाला. पहिली बैठक त्या डिसेंबरात बर्लिनला झाली. २००८च्या मंदीत काम मंत्र्यांच्या पातळीवर भागेना, म्हणून नोव्हेंबर २००८मध्ये वॉशिंग्टनला प्रथमच राष्ट्रप्रमुख जमले.

आज १९ देश, युरोपीय संघ आणि आफ्रिकी संघ असे २१ सदस्य आहेत. सचिवालय नाही ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची बहुतेक उत्तरे तिच्यातूनच निघतात. जे काम इतरत्र कायमचे नोकरवर्ग करतात, ते इथे त्या वर्षीच्या अध्यक्ष देशाला आपल्या अधिकाऱ्यांकडून करून घ्यावे लागते.

अध्यक्षपद कोणाला मिळायचे हे कसे ठरते?

१९ देशांचे पाच गट केलेले आहेत आणि पाळी गटागटाने फिरते. भारत, रशिया, दक्षिण आफ्रिका, तुर्कस्तान एका गटात. अर्जेंटिना, ब्राझील, मेक्सिको दुसऱ्यात. चीन, इंडोनेशिया, जपान, दक्षिण कोरिया तिसऱ्यात. फ्रान्स, जर्मनी, इटली, ब्रिटन चौथ्यात. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, सौदी अरेबिया, अमेरिका पाचव्यात. ज्या गटाची पाळी असेल त्यातील देश आपसांत बोलून नाव ठरवतात.

क्रम यांत्रिक नाही. भारताने २०१८ साली ब्युनोस आयर्सला २०२२चे यजमानपद जाहीर केले होते. पुढे इंडोनेशियाशी अदलाबदल होऊन भारताच्या वाट्याला २०२३ आले. भारत आणि दक्षिण आफ्रिका एकाच गटातले, तरी दोघांची पाळी दोन वर्षांच्या अंतराने आली.

भारताने हे पद त्याआधी २००२ सालीही सांभाळले होते, पण तेव्हा गट फक्त अर्थमंत्र्यांचा होता. शिखर परिषदांची पहिली फेरी २०२५मध्ये दक्षिण आफ्रिकेपाशी पूर्ण झाली. आफ्रिका खंडात भरलेली ती पहिली जी-२० शिखर परिषद.

अध्यक्षाला जास्तीचे मत असते का? नकाराधिकार?

मतदानच नाही, त्यामुळे जास्तीचे मतही नाही. सगळे सहमतीने चालते; म्हणजे नकाराधिकार असलाच तर तो प्रत्येक सदस्याकडे सारखाच आहे.

अध्यक्षाकडे चार गोष्टी असतात. विषयपत्रिका तो ठरवतो. बैठकांच्या तारखा आणि ठिकाणे तो ठरवतो. पाहुणे तो बोलावतो. आणि पहिला मसुदा तो लिहितो. यातली शेवटची सर्वांत मोलाची. कागदावर जे आधी लिहिले जाते त्याच्याभोवतीच चर्चा फिरते. बाकीच्यांना ते खोडायला कारण द्यावे लागते. नसलेले वाक्य आत घालून घेणे हे असलेले वाक्य काढण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. विकसनशील देशाला एरवी हा फायदा मिळत नाही. नाणेनिधी किंवा जागतिक बँकेत मसुदे कर्मचारीवर्ग लिहितो आणि मतांचे वजन भागभांडवलावर ठरते. जी-२०त वर्षभर लेखणी अध्यक्षाच्या हातात असते.

वर्षाचे वेळापत्रक साधारण कसे असते?

रूढ मुदत १ डिसेंबर ते ३० नोव्हेंबर. तयारी मात्र किमान वर्षभर आधी सुरू व्हावी लागते, कारण शेर्पांची, म्हणजे राष्ट्रप्रमुखांच्या प्रतिनिधींची, पहिली बैठक पदग्रहणानंतर काही दिवसांतच असते. भारताने १ डिसेंबर २०२२ला सूत्रे घेतली आणि ४ डिसेंबरला उदयपूरची शेर्पा बैठक सुरू झाली. नंतरच्या शेर्पा बैठका कुमारकोम, हंपी आणि शेवटी शिखर परिषदेच्या तोंडावर हरियाणात झाल्या. अर्थमंत्र्यांची मुख्य बैठक फेब्रुवारीत बेंगळुरूला आणि जुलैत गांधीनगरला. एप्रिलमधली वॉशिंग्टनला, नाणेनिधी-जागतिक बँकेच्या बैठकांना जोडून.

भारताने शिखर परिषद ९-१० सप्टेंबरला घेतली, म्हणजे नोव्हेंबरच्या बरीच आधी. याची एक बाजू अशी की वाटाघाटींना दोन महिने कमी मिळतात. दुसरी अशी की परिषदेनंतरही पद हातात राहते आणि पाठपुरावा करता येतो. भारताने २२ नोव्हेंबर २०२३ला आभासी शिखर परिषद घेतली ती त्याच मोकळ्या काळात.

शेर्पा ट्रॅक आणि फायनान्स ट्रॅक यांत फरक काय?

शेर्पा हा राष्ट्रप्रमुखाचा वैयक्तिक प्रतिनिधी. त्याच्या हाताखाली शेती, आरोग्य, शिक्षण, ऊर्जा, हवामान, व्यापार, भ्रष्टाचारविरोध, डिजिटल अर्थव्यवस्था असे कार्यगट चालतात. भारताच्या वर्षी ते १३ होते आणि त्यात आपत्ती जोखीम कमी करण्याचा कार्यगट नव्याने आला. फायनान्स ट्रॅक अर्थ मंत्रालय आणि मध्यवर्ती बँक चालवतात: कर, कर्ज, जागतिक बँकेसारख्या विकास बँका, पायाभूत सुविधा, वित्तीय नियमन.

नव्या अध्यक्ष देशाची पहिली मोठी चूक इथेच होते. दोन ट्रॅक दोन वेगळ्या मंत्रालयांकडे असतात आणि त्यांचे एकमेकांशी बोलणे कमी पडते. हवामान कार्यगट एका रकमेवर अडून बसतो, अर्थ खात्याचे अधिकारी दुसऱ्या खोलीत वेगळेच शब्द मान्य करून येतात, आणि परदेशी शिष्टमंडळे तो फरक बरोबर हेरतात. उपाय साधा आहे, पण शिस्त लागते: दोन्ही ट्रॅकमधला प्रत्येक मसुदा बाहेर जाण्याआधी एकाच टेबलावरून गेला पाहिजे, आणि ते टेबल राष्ट्रप्रमुखाच्या कार्यालयाला जवळचे असले पाहिजे.

जाहीरनाम्याचा मसुदा प्रत्यक्षात कसा तयार होतो?

अध्यक्ष देश शून्य मसुदा, म्हणजे शिखर परिषदेच्या संयुक्त जाहीरनाम्याचा पहिला कच्चा खर्डा, काढतो. त्यात कार्यगटांतून आलेले मुद्दे, आधीच्या शिखर परिषदांची मान्य झालेली वाक्ये आणि अध्यक्षाच्या आवडीचे दोन-चार नवे प्रस्ताव असतात. मान्य झालेली जुनी वाक्ये जशीच्या तशी उचलणे हे आळसाचे लक्षण नाही. त्यावर पुन्हा भांडण होत नाही म्हणून ती वापरतात.

मग सदस्य लेखी दुरुस्त्या पाठवतात. न पटलेले शब्द चौकटी कंसात जातात, पर्यायी शब्दही कंसातच, आणि पाठवणाऱ्या देशाचे नाव बाजूला. दोन फेऱ्यांत मसुदा तिप्पट फुगू शकतो. त्यानंतर वाक्यावाक्याने वाचन. अनुभवी अध्यक्ष या टप्प्यावर कंस मोजत बसत नाही. कोणता कंस खरा आहे आणि कोणता दुसरीकडे काही मिळवण्यासाठी घातलेला आहे, हे तो द्विपक्षीय भेटींत शोधतो. शेवटी तो स्वतःच्या जबाबदारीवर स्वच्छ, बिनकंसाचा मसुदा टेबलावर ठेवतो. हा डाव एकदाच खेळता येतो. लवकर ठेवला तर त्यावर नवे कंस पडतात. फार उशिरा ठेवला तर राजधान्यांना विचारायला वेळ उरत नाही आणि अधिकारी सुरक्षित मार्ग म्हणून नकार देतात.

सहमती झालीच नाही तर?

तर ‘अध्यक्षांचा सारांश’ निघतो. तो अध्यक्षाच्या नावाने असतो, सदस्यांना बांधत नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये बेंगळुरूला आणि मार्चमध्ये दिल्लीतील परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीत असेच झाले: युक्रेनविषयीच्या दोन परिच्छेदांना रशिया आणि चीनने हरकत घेतली, म्हणून ‘अध्यक्षांचा सारांश आणि निष्पत्ती दस्तऐवज’ अशा जोडनावाने कागद निघाला. बाकी मजकुरावर एकमत होते हे त्या नावातून नोंदवून ठेवले गेले. सप्टेंबरात त्याचा उपयोग झाला.

ब्राझीलने वेगळी वाट काढली. फेब्रुवारी २०२४मध्ये साओ पावलोला अर्थमंत्र्यांचे संयुक्त निवेदन निघू शकले नाही. जुलैत रिओला भू-राजकीय वाद स्वतंत्र अध्यक्षीय निवेदनात ठेवण्यात आला आणि अर्थविषयक कागद मोकळा सुटला. करसहकार्यावरचा स्वतंत्र जाहीरनामा त्या बैठकीतच मंजूर झाला. अतिश्रीमंतांवर परिणामकारक कर लागावा याचा उल्लेख त्यात आला.

मग नवी दिल्लीत युद्धावर एकमत कसे झाले?

आधीच्या वर्षीच्या, बाली शिखर परिषदेच्या जाहीरनाम्यात ‘बहुतेक सदस्यांनी’ युक्रेनमधील युद्धाचा तीव्र निषेध केल्याचे म्हटले होते. दहा महिन्यांनी रशिया आणि चीन तेच वाक्य पुन्हा मान्य करायला तयार नव्हते. पाश्चात्त्य देश त्याहून सौम्य काही स्वीकारायला राजी नव्हते. अध्यक्षाने आधी बाकीचे सगळे परिच्छेद संपवले आणि हा एकच विषय शेवटी उरू दिला. आता यावरून फिसकटले तर विकास, कर्ज, हवामान हे सगळेच बुडणार, हे प्रत्येकाला दिसत होते.

मजकूर देशाच्या नावाने न लिहिता तत्त्वाच्या भाषेत लिहिला गेला: संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार कोणत्याही देशाने दुसऱ्याचा भूभाग मिळवण्यासाठी बळाचा वापर वा धमकी टाळावी. आक्रमक म्हणून रशियाचे नाव नाही. आणि हा मसुदा भारताने एकट्याने पुढे रेटला नाही. इंडोनेशिया, ब्राझील, दक्षिण आफ्रिका त्याच्या बाजूने उभे राहिले. आधीचा आणि पुढचे दोन अध्यक्ष एकत्र बोलू लागले की जी-७ या श्रीमंत देशांच्या गटाला नाही म्हणणे जड जाते. सुमारे २०० तास वाटाघाटी, ३०० द्विपक्षीय भेटी आणि १५ मसुदे झाल्याचे भारताचे शेर्पा अमिताभ कांत यांनी नंतर सांगितले. ८३ परिच्छेदांचा जाहीरनामा पहिल्याच दिवशी मंजूर झाला, असहमतीची एकही तळटीप न लागता. युक्रेनने या शब्दांवर नाराजी व्यक्त केली, आणि ती समजण्यासारखी होती. एकमताची किंमत कोणीतरी मोजतोच.

विकसनशील देश अध्यक्ष असल्याने ठोस काय घडले?

सर्वांत ठसठशीत उदाहरण आफ्रिकी संघाचे. ५५ देशांचा हा संघ आधी पाहुणा म्हणून येत असे. भारताच्या पंतप्रधानांनी जून २०२३मध्ये सदस्य देशांच्या नेत्यांना पत्र लिहून पूर्ण सदस्यत्वाचा प्रस्ताव मांडला आणि ९ सप्टेंबरला पहिल्याच सत्राच्या सुरुवातीला तो मंजूर करून घेतला. कोमोरोसचे अझाली असुमानी तेव्हा संघाचे अध्यक्ष होते. ते तिथेच सदस्याच्या खुर्चीत बसले. हे जमले कारण मागणी एका वाक्याची होती, त्याला पैसा लागत नव्हता आणि उघड विरोध करणे कोणालाच परवडणारे नव्हते. असा विषय दर वर्षी मिळत नाही.

इंडोनेशियाच्या वर्षी साथरोग निधी उभा राहिला. तो जागतिक बँकेत ठेवलेला असल्याने अध्यक्षपद सरल्यावरही चालू राहिला. ब्राझीलने भूक आणि गरिबीविरुद्धची जागतिक आघाडी काढली. रिओत ती सुरू झाली तेव्हा १४८ संस्थापक सदस्य होते, त्यात ८२ देश. तिची रचना बघण्यासारखी आहे. सदस्य होणाऱ्याला स्वतःची लेखी वचने द्यावी लागतात, शालेय आहार, रोख मदत, छोट्या शेतकऱ्यांना आधार अशा आजमावलेल्या योजनांची यादी समोर असते, आणि दरवाजा जी-२०बाहेरच्या देशांनाही उघडा आहे. म्हणजे जी-२०तील एखाद्या सदस्याने पुढे तोंड फिरवले तरी ती बंद पडत नाही.

विकास बँकांच्या सुधारणेचे काम तर तीन हातांतून गेले. भारताने अर्थतज्ज्ञ एन. के. सिंग आणि लॉरेन्स समर्स यांचा तज्ज्ञगट नेमला, ब्राझीलने त्यावरून मार्गआराखडा मंजूर करून घेतला, दक्षिण आफ्रिकेने अंमलबजावणीवर देखरेखीची चौकट आणली. एका वर्षात यातले काहीच पुरे झाले नसते.

कर्जात बुडालेल्या देशांसाठी मात्र इतके थोडे का झाले?

कारण इथे शब्दांनी भागत नाही, कोणालातरी पैसे सोडावे लागतात.

मे २०२० ते डिसेंबर २०२१ या काळात जी-२०ने गरीब देशांचे हप्ते लांबणीवर टाकले. ४८ देशांचे मिळून सुमारे १२.९ अब्ज डॉलर. माफी नव्हे, फक्त मुदत. नोव्हेंबर २०२०मध्ये पुनर्रचनेसाठी ‘सामायिक चौकट’ आली. चाड, झांबिया, इथिओपिया आणि घाना त्या वाटेने गेले. झांबियाने २०२१च्या सुरुवातीला अर्ज केला. सरकारी धनकोंशी सुमारे ६.३ अब्ज डॉलरच्या कर्जावर तत्त्वतः समझोता व्हायला जून २०२३ उजाडला आणि रोखेधारकांचा प्रश्न २०२४च्या मध्यावर मिटला. तीन वर्षांहून अधिक काळ एक देश बाजारातून नवे कर्ज घेऊ शकत नव्हता.

अडते ते इथे: पॅरिस क्लबमधले (इतर सरकारांना कर्ज देणाऱ्या, मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटातले) जुने धनको आणि चीनसारखा नवा मोठा धनको यांच्या पद्धती वेगळ्या. कोणते कर्ज सरकारी आणि कोणते व्यापारी, यावरच महिने जातात. खासगी रोखेधारक त्या खोलीत नसतात, पण त्यांनीही तेवढीच सूट द्यावी अशी अपेक्षा असते. अर्ज करणाऱ्या देशाचे हप्ते वाटाघाटी चालू असताना आपोआप थांबतही नाहीत. भारताच्या वर्षी नाणेनिधी, जागतिक बँक आणि अध्यक्ष देश यांनी मिळून कर्जविषयक गोलमेज सुरू केली. तिथे निदान हे सगळे पक्ष एकत्र बसतात. घानाला त्यानंतर कमी वेळ लागला. पण चौकटीत कालमर्यादा घालण्याचे काम राहिले ते राहिलेच, आणि या चार वर्षांतली ती सर्वांत बोचणारी उणीव आहे.

विषय किती निवडावेत?

तीन. फार तर चार. ब्राझीलने भूक व गरिबी, ऊर्जा संक्रमण व शाश्वत विकास, आणि जागतिक संस्थांची सुधारणा असे तीन धरले आणि वर्षभर सोडले नाहीत. प्रत्येक मंत्रालयाला आपला उपक्रम जाहीरनाम्यात हवा असतो; त्या सगळ्यांना होकार दिला की कागद लांबतो आणि वाटाघाटीत सोडून देण्यासारखे तुमच्याकडे खूप आहे असा संदेश जातो.

पाहुणे देश कसे निवडतात?

स्पेन कायम निमंत्रित. बाकी अध्यक्षाची निवड. भारताने बांगलादेश, इजिप्त, मॉरिशस, नेदरलँड्स, नायजेरिया, ओमान, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती आणि स्पेन यांना बोलावले. पाहुण्यांना सहमतीत स्थान नसते, पण कार्यगटांत बोलता येते. जे बाहेर राहिले त्यांचेही ऐकावे म्हणून भारताने जानेवारी २०२३मध्ये १२५ देशांची दूरदृश्य परिषद घेतली.

इतक्या शहरांत बैठका कशाला?

भारताने ६० शहरांत २००हून अधिक बैठका घेतल्या. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि आताचे छत्रपती संभाजीनगर. शहरांना रस्ते, रंगरंगोटी, ओळख मिळते आणि विषय दिल्लीबाहेर पोहोचतो. केंद्रीय अर्थसंकल्पात २०२३-२४साठी या पदाकरिता ९९० कोटी रुपयांची तरतूद होती. ठिकाण हाही राजकीय संदेश असतो: श्रीनगरच्या पर्यटन कार्यगटाच्या बैठकीला चीन आला नाही. छोट्या अर्थव्यवस्थेने मात्र हे अनुकरण करू नये. अनुभवी वाटाघाटीकार थोडे असतील तर त्यांना प्रवासात झिजवण्यापेक्षा दोन-तीन शहरांत काम आटपणे बरे.

त्रिकुटाचा उपयोग काय?

आधीचा, आताचा आणि पुढचा अध्यक्ष मिळून त्रिकूट होते. भारताच्या वर्षी इंडोनेशिया-भारत-ब्राझील, ब्राझीलच्या वर्षी भारत-ब्राझील-दक्षिण आफ्रिका. दोन्ही वेळा तिघेही विकसनशील. सचिवालय नसलेल्या गटाची स्मरणशक्ती म्हणजे हे त्रिकूट. फायली, संपर्क, कोणत्या देशाने कोणत्या वाक्यावर काय म्हटले, हे सगळे यातूनच पुढे जाते.

एखाद्या बलाढ्य सदस्याने बहिष्कारच घातला तर?

२०२५मध्ये तेच घडले. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री फेब्रुवारीत जोहान्सबर्गला आले नाहीत आणि नोव्हेंबरच्या शिखर परिषदेवर अमेरिकेने पूर्ण बहिष्कार घातला. आमच्याशिवाय सहमती मानता येणार नाही, असे तिने कळवले होते. दक्षिण आफ्रिकेपुढे दोन रस्ते होते: अध्यक्षीय निवेदनावर समाधान मानणे, किंवा जे हजर आहेत त्यांचा जाहीरनामा काढणे. तिने दुसरा रस्ता धरला आणि २२ नोव्हेंबरला परिषदेच्या सुरुवातीलाच जाहीरनामा मंजूर करून घेतला. अर्जेंटिनाने अखेरच्या क्षणी पाठिंबा दिला नाही. पुढचा अध्यक्ष म्हणून सूत्रे घ्यायला अमेरिका दूतावासातील प्रभारी अधिकारी पाठवणार होती. राष्ट्राध्यक्षांनी त्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे ती देणे दक्षिण आफ्रिकेने नाकारले. नंतर अमेरिकेने २०२६च्या परिषदेला दक्षिण आफ्रिकेला बोलावणार नसल्याचे जाहीर केले.

दक्षिण आफ्रिकेचा निर्णय योग्य होता. गैरहजर सदस्याला खोलीबाहेरून कागद अडवू दिला असता तर पुढे प्रत्येकाला तेच हत्यार मिळाले असते. पण सहमती म्हणजे सगळ्यांची की हजर असलेल्यांची, हा प्रश्न आता उघडा पडला आहे आणि लिखित नियम नसल्याने त्याचे उत्तर नियमपुस्तकात सापडणार नाही.

जाहीरनामा बंधनकारक असतो का?

कायद्याने नाही. पण तो इतर वाटाघाटींत वापरला जातो. अक्षय ऊर्जेची क्षमता २०३०पर्यंत तिप्पट करण्याच्या प्रयत्नांना नवी दिल्लीत पाठिंबा मिळाला आणि त्याच डिसेंबरात दुबईच्या हवामान परिषदेने ते जगाचे उद्दिष्ट म्हणून स्वीकारले.

तो वाचायचा कसा?

क्रियापदांकडे बघा. ‘आम्ही वचनबद्ध आहोत’ हे सर्वांत वजनदार. ‘मान्यता देतो’ म्हणजे सोबत जोडलेला आराखडा सगळ्यांनी स्वीकारला आहे. ‘स्वागत करतो’ यात सदिच्छा आहे, जबाबदारी नाही. ‘दखल घेतो’ म्हणजे कोणीतरी हरकत घेतली होती आणि वाक्य कसेबसे वाचले. ‘ऐच्छिक’, ‘राष्ट्रीय परिस्थितीनुसार’, ‘परस्परमान्य अटींवर’ हे शब्द दिसले की तिथे माघार झाली असे समजा. मग आकडा शोधा, आणि आकड्याजवळ देणाऱ्याचे नाव शोधा. विकसनशील देशांना हवामानविषयक उद्दिष्टांसाठी २०३०पूर्वी ५.८ ते ५.९ ट्रिलियन डॉलर लागतील, हे नवी दिल्लीच्या जाहीरनाम्यात लिहिले आहे. ते कोण देणार, हे त्या परिच्छेदात लिहिलेले नाही.